विवाहस्थळ : आपलं घर

"मांडव कुठाय म्हंते मी. मांडव न्हाई, वाजंत्री न्हाई, दारात रांगोळीचा ठिपका न्हाई. असं लग्न असतंय व्हय?"

रविवारी दुपारी साडेचार वाजता मुखेडातल्या माझ्या घराच्या फाटकाशी उभी राहून एक म्हातारी ओरडत होती. मी बनियनवर आडवा झालो होतो. आधी वाटलं, आपलाच भोंगा कुणीतरी चालू केला. तीस वर्षांत या गावात माझ्यापेक्षा मोठा आवाज मी ऐकलेला नाही. बाहेर आलो तर ही. नेसायला ठेवणीतलं निळं पातळ, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत, आणि काखेत गाठोडं.

माझी बायको माझ्याआधी फाटकापाशी पोचली होती.

"कुणाचं लग्न, मावशी?"

"रेवतीचं."

"कोण रेवती?"

हा प्रश्न बायकोनं म्हातारीला विचारला, पण बघितलं माझ्याकडं.

संपादक म्हणाले, दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, फक्त खरं लिहा. भोंगेवाल्याला खरं लिहा म्हणणं म्हणजे हलवायाला साखर कमी घाल म्हणणं. तरी या प्रकरणात मी पदरचं फार घातलेलं नाही. घालायला जागाच नव्हती. आणि लिहायला बसलो तेही सगळं समजलंय म्हणून नाही. समजलेलं नाही म्हणून बसलो.

धंदा काय ते आधी सांगतो. रिक्षावर दोन भोंगे, आत मी, हातात माईक. साडीचा सेल, दातांचं शिबिर, सर्कस, निवडणूक, हरवलेला बैल, मयताची बातमी, सगळं एकाच नरड्यातून. एका घरासमोरून रिक्षा जाते तेवढ्यात बारा-तेरा शब्द बसतात. त्यात काय, कुठं आणि कधी हे तिन्ही आलं पाहिजे. राहिलेल्या जागेत 'भव्य' घालायचं. 'भव्य' मी गिऱ्हाइकाला फुकट देतो. मयताला लावत नाही. एकदा सवयीनं लागला होता, तो किस्सा इथं नको, त्या घरची माणसं हा अंक वाचतात. आवाजाचं म्हणाल तर उदगीरच्या चौकात एकदा सर्कशीचा पुकारा केला, तेव्हा किल्ल्यातले पारवे उडाले ते थेट देगलूरला जाऊन टेकले आणि घाबरून तेलुगूत घुमू लागले. हे मी स्वतः ऐकलेलं नाही, पण देगलूरचा माणूस शपथेवर सांगतो.

तर एक दिवस पुण्याहून एक साहेब आले. वय माझ्या रिक्षापेक्षा कमी.

"काका, आपल्याला नांदेड आणि लातूरमध्ये ॲक्टिव्हेशन करायचंय."

"सिमकार्डाचं?"

"नाही हो, मालिकेचं."

मालिकेचं नाव मी लिहिणार नाही, तशी सही दिलेली आहे. पण तुम्ही ती ओळखणार, कारण त्या महिन्यात ती न दिसणं शक्यच नव्हतं. नांदेडात पुलाच्या तोंडाशी नवरीचा दुमजली फलक. लातूरला चौकाचौकांत नवरी. एसटीच्या मागच्या काचेवर नवरीचे नुसते डोळे, एवढे मोठे की मागचा मोटारसायकलवाला लाजून हॉर्न देईना. दोन वर्षं चाललेली मालिका, तिच्यात रेवती नावाची बिनआईची पोर, आणि रविवारी संध्याकाळी सात वाजता तिचं लग्न. माझं काम दोन जिल्ह्यांत पुकारा करायचा आणि लग्नपत्रिका वाटायच्या. खरीखुरी पत्रिका. वर गणपती, कोपऱ्यात अक्षतांची पुडी चिकटवलेली, खाली 'श्री. ______ व परिवार' म्हणून नाव लिहायला रिकामी रेघ. चॅनेलचं नाव आणि टीव्हीचं चित्र पाठीमागं, मुंगीनं लिहावं तेवढ्या अक्षरांत. साहेब म्हणाले, लोकांना घरचं कार्य वाटलं पाहिजे.

पुकाऱ्याचा मजकूर पुण्याहून छापून आला होता: 'येत्या रविवारी महाराष्ट्र हादरणार.' मुखेडात म्हटला, उदगीरला म्हटला, कुणी मान वर केली नाही. मग किल्लारीला गेलो. नव्या गावठाणातले ते सरळ रस्ते, सारखी घरं. पहिल्या गल्लीत दोनदा म्हटला आणि एक म्हातारे गृहस्थ सायकल आडवी लावून रिक्षासमोर उभे राहिले.

"भोंगेवाले, त्यो शब्द इथं बोलू नका."

"कुठला, मालक?"

"आत्ता बोललात त्यो. मी बोलणार न्हाई."

माझी ट्यूब पेटायला मिनिटभर लागलं. या गावानं भूकंपात काय पाहिलंय हे अख्ख्या मराठवाड्याला माहीत आहे, आणि मी दोन भोंग्यांतून हादरवायला निघालो होतो. माईक बंद केला आणि सगळ्या गावातून मुक्यानं रिक्षा फिरवली. तीस वर्षांत भोंगा बंद ठेवून केलेली माझी ती पहिली फेरी. वेशीबाहेर येऊन पुण्याला फोन लावला.

"साहेब, एक शब्द बदलायचाय."

"काका, स्क्रिप्ट अप्रूव्ह झालीय."

"आमच्याकडं झाली न्हाई," म्हणालो, आणि माझ्या जबाबदारीवर मजकूर बदलला: 'रविवारी रेवतीचं लग्न. पोरीला आई न्हाई. तुम्हीच यायचं.'

आणि चमत्कार असा की माणसं थांबून ऐकू लागली. बायका दारात आल्या. मला वाटलं, जमलं. शिरूर अनंतपाळला एका बाईंनी स्कूटी थांबवली, पंचायत समितीत नोकरीला होत्या. पत्रिका घेतली, वाचली आणि परत दिली.

"काका, ही मालिका मी कवाच सोडली. मी आता कोरियातल्या बघते. मोबाईलवर."

"कोरियाची भाषा कळती तुम्हाला?"

"खाली लिहून येतं की. आणि नाही आलं तरी काय, रडणं सारखंच असतंय."

दिवसभर मला ते वाक्य पुरलं. माझी सगळी हयात मराठीत ओरडण्यात गेली.

तर आता पुन्हा माझ्या फाटकाशी. म्हातारीनं गाठोड्यातून पत्रिका काढून माझ्या बायकोच्या हातात दिली. "वाच. तुमचाच पत्ता हाय का न्हाई?"

बायकोनं वाचलं. विवाहस्थळ : आपलं घर. आणि त्याच्या बरोबर खाली माझा जांभळा शिक्का: दिगंबर भोंगेवाले, प्रचार व प्रसिद्धी, बाजाराच्या मागं, मुखेड. वाटलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायची माझी सवय, पुरावा राहतो. पुण्याच्या साहेबांना म्हणायचं होतं, ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसून टीव्हीवर लग्न बघावं. पण आमच्याकडं दर दहा बंगल्यांमागं एकावर पाटी असते, 'आपलं घर'. म्हातारीनं वाचून घेतलं ते असं, की मुखेडात बाजाराच्या मागं 'आपलं घर' नावाचं घर आहे, दिगंबर भोंगेवाल्याचं, आणि लग्न तिथं आहे. एसटी स्टँडवर उतरून विचारत विचारत आली. लोकांनीही पाठवली. भोंगेवाल्याकडं लग्न आहे आणि आपल्याला बोलावणं नाही, म्हणून दोघंतिघं उलट नाराज होऊन बसले, ते नंतर कळलं.

पत्रिका मी हातात घेतली. रेघेवरचा 'श्री.' खोडलेला होता, माझ्याच निळ्या पेनानं. तेव्हा आठवलं. तिची वाडी रस्त्यापासून आत. मी प्रत्येक दाराशी घरधन्याचं नाव विचारून लिहीत होतो. हिच्या दाराशी विचारलं तर म्हणाली, "मालक जाऊन लई वर्सं झाली. घरात मीच हाय." मग मी 'श्री.' खोडून लिहिलं, 'श्रीमती गोदाबाई'. ती म्हणाली, "काय लिवलंस? वाच." आणि मला मस्ती आली. मी माईक तोंडाशी धरून वाचलं: "श्रीमती गोदाबाई, व परिवार, यांसी आग्रहाचे निमंत्रण." अख्खी वाडी दारात आली.

"एकट्याच आलात? परिवार?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"परिवारात म्हैस हाय. तिला एसटीत घेत न्हाईत."

बायकोनं तिला आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. मी समजावू लागलो. मावशी, हे लग्न टीव्हीतलं. नाटक. ती बशीतला चहा ओतत म्हणाली, "हाव, टीव्हीतलीच रेवती. दुसरी कोन असंल?" मग सांगू लागली. शेजाऱ्याच्या घरी रोज सातला जाऊन बसायची. भिंतीला टेकायची तिची जागा ठरलेली. रेवती शाळेत होती तेव्हापासून तिनं पाहिलेली. मग शेजाऱ्याच्या घरात ज्याला त्याला मोबाईल आला, टीव्हीचं रिचार्ज कुणी मारेना, ज्यानं त्यानं आपापल्या कोपऱ्यात तोंड घातलं. "मंग मी कुनाच्या कोपऱ्यात बसू? पाऊस लागायच्या आधीपासून पोरीला बघितलं न्हाई बघ."

गाठोड्यात हिरवं पातळ होतं, खण होता आणि स्टीलचा डबा. आहेर. रेवतीसाठी.

"बघू मंग. लाव टीव्ही," ती म्हणाली.

इथं माझी खरी पंचाईत झाली. दोन जिल्ह्यांना सात वाजता टीव्ही लावा म्हणून घसा फोडणाऱ्या माझ्या घरात टीव्ही बंद होता. पोरगी हैदराबादला नोकरीला गेली तेव्हापासून आम्ही नवरा-बायको दोन मोबाईल घेऊन दोन खोल्यांत बसतो. टीव्हीवर विणलेला रुमाल, रुमालावर गणपती. बायको म्हणाली, "मोबाईलवर दाखवा त्यांना." गोदाबाईनं माझ्या मोबाईलकडं बघितलं, मग अक्षतांच्या पुडीकडं.

"येवढ्याशा नवरीवर अक्षता टाकायच्या कशा? फोन भरून जाईल की."

साडेपाच वाजले होते. मी शर्ट चढवला, म्हातारीला रिक्षात बसवलं आणि मुखेडात चालू टीव्ही शोधायला निघालो. वाचकहो, हे वाक्य मी तीन वेळा खोडलं. पण खरं तेच आहे.

पहिलं घर निवृत्त गुरुजींचं. या माणसानं गल्लीत सगळ्यांत आधी रंगीत टीव्ही आणला, रविवारी आम्ही चाळीस जण त्याच्या ओसरीत बसायचो आणि गुरुजी पुढच्यांना खाली बसा म्हणून छडी दाखवायचे.

"टीव्ही आहे की," गुरुजी म्हणाले. "पण त्याच्यावर माझ्या औषधांच्या बाटल्या आहेत. आणि मालिका आता आम्ही मंगळवारी बघतो. सूनबाई मोबाईलवर पळवून दाखवते. अर्ध्या तासाची दहा मिनिटांत उरकते. माणसं जरा चिरक्या आवाजात बोलतात, बाकी काही फरक नाही."

"पळत्या घोड्यावर लग्न लावतेत का," गोदाबाई रिक्षातूनच म्हणाली.

खानावळीत टीव्ही चालू होता, पण क्रिकेट. मालकाला विनवलं, तर तो गल्ल्यावरून म्हणाला, "मामा, बदललो तर ही माणसं मला तव्यावर घालतील." एसटी स्टँडावरच्या टीव्हीत एकच जाहिरात गोल गोल फिरत होती, घामोळ्याच्या पावडरची, बहुधा स्टँड बांधला तेव्हापासून. रविवारी संध्याकाळी ज्या गल्लीतून चालताना एका घरातला संवाद पुढच्या घरात पुरा ऐकू यायचा, त्या गल्लीत मी भोंगा बंद करून फिरलो आणि दर घरातून निराळा आवाज. कुठं कीर्तन, कुठं रील, कुठं गोळीबार. सगळीकडं काहीतरी चालू होतं आणि एकत्र कुठंच काही नव्हतं. मग मी दोन जिल्ह्यांत ओरडलो कुणासाठी?

साडेसहाला रफिकभाईच्या दुकानात शिरलो. टीव्ही, फ्रिज, कूलर. भिंतीवर अकरा टीव्ही, अकराही चालू, सगळ्यांत तेच निळं पाणी आणि तोच केशरी मासा.

"रफिकभाई, एक लग्न लावायचंय," मी म्हणालो.

मामला ऐकून तो हसला नाही, हे मी त्याच्या खात्यात लिहून ठेवलंय. म्हणाला, "टीव्ही तर पयल्यापेक्षा जास्त विकायलेत, मामा. मोठे मोठे. पण केबल कोन लावायलाय? सब इंटरनेट." त्यानं ॲप उघडलं, शोधलं आणि कपाळाला हात लावला. "ये तो दोपहर से आके पडा है. ज्यांनी पैसे भरले त्यांना बारालाच दिसलं."

"म्हंजे लग्न लागून गेलं?" गोदाबाईनं विचारलं.

"लागलं... म्हंजे काही लोकांचं लागलं," मी म्हणालो. "आपलं लागायचंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी स्वतःकडं बघू शकलो असतो तर तसंच बघितलं असतं.

"मुहूर्त सातचा हाय," ती म्हणाली आणि वॉशिंग मशीनला टेकून खाली बसली. रफिकभाईनं बटणावरचं बोट काढून घेतलं. दुकानातल्या घड्याळाकडं बघत आम्ही आधीच झालेल्या लग्नाच्या मुहूर्ताची वाट बघत बसलो. फ्रिज बघायला आलेलं एक जोडपंही थांबलं. का थांबलं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

बरोबर सातला अकरा मासे गेले आणि अकरा रेवत्या आल्या. गोदाबाई उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि पुडी फोडून सगळ्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या, रफिकभाईच्या, जोडप्याच्या, माझ्या. मंगळाष्टकं सुरू झाली. दर 'सावधान'ला आम्ही अक्षता टाकल्या. एक दाणा मधल्या टीव्हीच्या काचेला चिकटून राहिला, रेवतीच्या बरोबर कपाळावर. मी आजवर उडवलेल्या सगळ्या पारव्यांची शपथ, मी तो चिकटवलेला नाही.

शेवटच्या मंगळाष्टकात अंतरपाट खाली येणार, तेवढ्यात मांडवाच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "थांबा." ढोल वाजला, रेवतीचा चेहरा गोठला, अकरा ठिकाणी, आणि भाग संपला.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मला हे आधी कळायला हवं होतं. लग्नाचा एवढा डंका पिटतात तेव्हा ते लागत नसतं. पण मी लागणार म्हणून दोन जिल्ह्यांना जबान दिली होती.

गोदाबाई माझ्याकडं वळली. "लागलं का न्हाई?"

रफिकभाईनं तोंड उघडलं होतं. मी त्याला बोलू दिलं नाही.

"लागलं," मी म्हणालो. "अक्षता पडल्या म्हंजे लागलं."

तिनं मधल्या टीव्हीवरचा तो दाणा बोटानं दाबून नीट बसवला. घरी आलो तर बायकोनं शिरा-पुरी केली होती; दारात रांगोळीही होती, चार ठिपक्यांची, पण होती. गोदाबाई पोटभर जेवली, आहेर माझ्या बायकोच्या हवाली केला, "रेवतीला पोचव" म्हणाली, आणि मी तिला रिक्षातून वाडीवर सोडलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला.

"साहेब, रेवतीला आहेर आलाय. पत्ता सांगा, पाठवतो."

साहेब म्हणाले, "वा. आजींचा आहेरासोबत फोटो काढून पाठवा ना, काका."

मी फोटो पाठवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक जाहिरात फुकट होत असताना मी ती होऊ दिली नाही. त्यात शहाणपण होतं की वेडेपणा, ठरवू शकलेलो नाही. ते हिरवं पातळ आमच्या कपाटात आहे. बायको ते नेसत नाही, कुणाला देतही नाही. म्हणते, दुसऱ्याचं आहे.

मालिकेत पुढं काय झालं ते मला माहीत नाही. दोन महिन्यांत ती बंद पडली असं ऐकतो. त्या जागी दुसरी आली, तिचेही फलक लागले, पण पुकाऱ्याला मला बोलावलं नाही. आता म्हणे जाहिरातसुद्धा मोबाईलवरच करतात. ज्याच्या त्याच्या कानात, हळू आवाजात. मला ते जमणार नाही.

मध्यंतरी बाजाराच्या दिवशी गोदाबाई भेटली. वांगी निवडत होती, एक उचलायची, दाबायची, परत ठेवायची. मी जवळ गेलो, रामराम केला. तिनं रेवतीचं काही विचारलं नाही. मला राहवेना.

"मावशी, एक खरं सांगा. ते सगळं नाटक हाय, हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं का न्हवतं?"

तिनं हातातलं वांगं पाटीत टाकलं आणि दुसरं उचललं.

"पत्रिकेवर माझं नाव होतं," ती म्हणाली.